फोनचा मूळ कॅमेरा की बाहेरचे अ‍ॅप? काजव्यांच्या एका छायाचित्रावरून

चर्चाप्रस्ताव

मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे पाहायला गेलो होतो. फोन ट्रायपॉडवर लावला, नाइट मोड सुरू केला आणि फोन हलणार नाही याची पुरेपूर काळजी घेऊन छायाचित्र काढले. त्यात झाड स्वच्छ आले, आकाश डोळ्यांना दिसत होते त्यापेक्षा कितीतरी निळे आले, आणि ज्यांच्यासाठी एवढा प्रवास केला ते काजवे मात्र जवळजवळ नाहीसे झाले. शेजारी उभ्या असलेल्या मित्राने साध्याच फोनवर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत अ‍ॅप उघडले, आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील असावा तो आकडा) आणि शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते) हाताने ठरवले, आणि पंधरा सेकंदांच्या एकाच फ्रेममध्ये अख्खे झाड ठिपक्यांनी भरून आले.

कारण उघड आहे. नाइट मोड एक छायाचित्र घेत नाही. तो लागोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, आणि जे एकाच फ्रेममध्ये आहे पण बाकीच्यांत नाही त्याला ‘नॉइज’ (नको असलेले ठिपके) किंवा हालचाल समजून दाबून टाकतो. काजवा नेमका असाच, एका फ्रेममध्ये चमकतो आणि पुढच्या फ्रेममध्ये विझतो. म्हणजे फोनने चूक केली नाही, त्याने आपले काम चोख केले. परंतु चांगले छायाचित्र कोणते हे माझ्या आधी दुसऱ्याच कोणीतरी ठरवून ठेवलेले होते, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

माझे मत असे की ज्याला छायाचित्रणात थोडाही रस आहे त्याने बाहेरचे एक अ‍ॅप फोनमध्ये ठेवलेच पाहिजे. शिवाय आज आपण मूळ कॅमेऱ्यात गृहीत धरतो त्यांपैकी काही सोयी आधी बाहेरच्यांनीच आणलेल्या आहेत. आवाजाच्या बटणाने छायाचित्र टिपण्याची सोय आयफोनवरच्या ‘कॅमेरा प्लस’ने २०१० मध्ये गुपचूप दिली, तेव्हा अ‍ॅपलने ते अ‍ॅप दुकानातून काढून टाकले, आणि पुढच्याच वर्षी आयओएस ५ मध्ये तीच सोय स्वतः दिली. आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपना रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली नोंद) घेता येऊ लागली २०१६ मध्ये. अ‍ॅपलच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ती प्रोरॉच्या रूपाने आली २०२० च्या डिसेंबरात, आणि तीही फक्त प्रो मॉडेलांवर.

प्रतिसाद १

उदाहरण चांगले आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पहिली गोष्ट, धागालेखकांनी आपल्या फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ‘प्रो’ नावाचा विभाग आहे का, ते पाहिले होते का? अनेक अँड्रॉइड फोनांत तो असतो आणि कित्येकांत शटर तीस सेकंदांपर्यंत जाते. नाइट मोड आणि मूळ अ‍ॅप या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे हा सगळा वाद उभा राहिला आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अँड्रॉइडवर बाहेरच्या अ‍ॅपला कॅमेरा किती वापरता येईल हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. २०१४ साली अँड्रॉइड ५ बरोबर कॅमेरा२ ही व्यवस्था आली आणि शटर, आयएसओ, फोकस, रॉ हे सारे बाहेरच्यांसाठी तत्त्वतः खुले झाले. परंतु यातले किती खुले आहे याची पातळी प्रत्येक फोन जाहीर करतो. ती ‘लेगसी’ असेल तर बाहेरच्या अ‍ॅपच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही, ‘लिमिटेड’ असेल तर थोडेफार लागते, आणि हाताने सगळे ठरवता येण्याची हमी ‘फुल’ किंवा ‘लेव्हल ३’ असेल तरच मिळते. त्यातही अनेक कंपन्या वाइड आणि टेलिफोटो भिंगे बाहेरच्या अ‍ॅपना दाखवतच नाहीत. तीन भिंगांचे पैसे मोजायचे आणि एकच वापरायचे, हा व्यवहार मला तरी आतबट्ट्याचा वाटतो.

आणि फोनच्या कॅमेऱ्याची खरी ताकद भिंगात नसून त्यामागच्या गणितात आहे, हे विसरून चालणार नाही. नखाएवढ्या सेन्सरवर पडणारा प्रकाश मुळातच तुटपुंजा असतो. गूगलच्या एचडीआर प्लस या तंत्राने मुद्दाम कमी प्रकाश आत घेऊन टिपलेल्या अनेक फ्रेम जोडून ही उणीव भरून काढली, आणि आज सगळ्यांचे मूळ कॅमेरे त्याच वाटेने जातात. भाचीच्या लग्नात हळदीच्या वेळी मी हौसेने बाहेरचे अ‍ॅप वापरले होते. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली सगळ्यांचे चेहरे रवाळ आले, आणि ताई अजून ते छायाचित्र काढून मला ऐकवते. काजवे वर्षातून एकदा पाहायचे असतात, माणसांची छायाचित्रे रोज काढायची असतात.

प्रतिसाद २

मी आयफोन वापरतो, त्यामुळे प्रो विभागाचा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही, कारण अ‍ॅपलच्या कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवताच येत नाही. मात्र बाहेरचे अ‍ॅप घेतले म्हणून मी मोकळा झालो असेही नाही. एका फ्रेमसाठी शटर किती वेळ उघडे राहील याची कमाल मर्यादा प्रणालीच घालून देते आणि ती जेमतेम एक सेकंदाची आहे. आयफोनवर तीस सेकंदांचे एक्सपोजर देऊ म्हणणारी अ‍ॅप प्रत्यक्षात अनेक छोट्या फ्रेम एकावर एक रचतात. फरक एवढाच की ती सरासरी न काढता प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू ठेवू शकतात, म्हणून काजवे टिकतात.

‘बाहेरचे अ‍ॅप म्हणजे प्रक्रिया नसलेले छायाचित्र’ हा समजही अर्धाच खरा आहे. ‘हॅलाइड’ या कॅमेरा अ‍ॅपने २०२४ मध्ये ‘प्रोसेस झीरो’ आणले, त्यात एकच रॉ फ्रेम असते आणि यंत्रबुद्धीची ढवळाढवळ नसते. उलट अडोबीचे २०२५ मधले ‘प्रोजेक्ट इंडिगो’ हे अ‍ॅप एका छायाचित्रासाठी बत्तीसपर्यंत फ्रेम घेते, आणि तरीही त्याचे छायाचित्र मूळ कॅमेऱ्यापेक्षा शांत, नैसर्गिक दिसते. ते करणारे मार्क लेव्हॉय हे पूर्वी गूगलमध्ये एचडीआर प्लसचेच काम पाहत होते. तेव्हा भांडण गणिताशी नाही. ते गणित कोणाच्या आवडीनुसार मांडले आहे, याच्याशी आहे.

प्रतिसाद ३

आपण सगळे हौशी लोक दिसता. मी बांधकामावर देखरेख करतो आणि मला मूळ कॅमेरा वापरण्याची मुभाच नाही. रस्त्याचा थर, गटाराची खोली, शाळेची भिंत, प्रत्येक छायाचित्रावर अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ छापलेली लागते, नाहीतर देयक पुढे सरकत नाही. मूळ कॅमेराही स्थान नोंदवतो, परंतु फाइलच्या पोटात. ते छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर नेहमीसारखे टाकले की ती नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर राहते, पण तेवढी तसदी घेतो कोण? त्यामुळे आमच्याकडे ‘जिओटॅग’वाले अ‍ॅप हाच कॅमेरा.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादातली अडचण खरी आहे, उपाय मात्र दिखाऊ आहे. छायाचित्रावर छापलेली तारीख ही केवळ अक्षरे आहेत. काही अ‍ॅप स्थान हाताने निवडू देतात, आणि काहींत फोनचे घड्याळ मागे नेले की तारीखही मागे जाते. ई-पीक पाहणीसारख्या शासकीय अ‍ॅपमध्ये पिकाचे छायाचित्र अ‍ॅपमधूनच काढावे लागते, ती पद्धत त्यातल्या त्यात बरी, कारण छायाचित्र आणि स्थान एकाच वाटेने जातात.

कॅमेरा, मायक्रोफोन, स्थान आणि साठवण या चारही परवानग्या आपण ज्याला बिनदिक्कत देतो, ते अ‍ॅप कोणाचे आहे हे किती जण पाहतात? २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत कॅमस्कॅनर, ब्यूटीप्लस, सेल्फीसिटी, वंडर कॅमेरा अशी कॅमेऱ्याशी संबंधित बरीच होती, आणि आदल्याच वर्षी कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक भाग सापडला होता. गूगलनेही अँड्रॉइड ११ पासून नियम घट्ट केला. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने प्रणालीकडे ‘छायाचित्र काढून दे’ अशी मागणी केली तर आता फोनसोबत आलेला कॅमेराच उघडतो, कारण बाहेरच्या अ‍ॅपमुळे स्थानाची माहिती भलतीकडे पोहोचण्याचा धोका होता. ओपन कॅमेऱ्याची संहिता खुली आहे, म्हणजे ती कोणालाही तपासता येते, त्याबद्दल माझी हरकत नाही. कुठल्याशा संकेतस्थळावरून गूगल कॅमेऱ्याची कोणीतरी फेरफार केलेली आवृत्ती उतरवून घेणाऱ्यांबद्दल मात्र आहे.

धागालेखकाचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. प्रतिसाद १ वाचून फोन हातात घेतला. प्रो विभाग आहे, शटर तीस सेकंदांपर्यंत जाते, आणि दोन वर्षांत मी ते एकदाही उघडून पाहिले नव्हते. हा दोष माझा. भिंगांचा मुद्दाही खरा निघाला, कारण बाहेरच्या अ‍ॅपमध्ये माझ्या फोनचे वाइड भिंग दिसतच नाही.

तरीही अ‍ॅप काढून टाकलेले नाही. माझ्या फोनचा प्रो विभाग बंद करून पुन्हा उघडला की सगळे आकडे ‘ऑटो’वर जातात आणि पहिल्यापासून लावावे लागतात, तर बाहेरच्या अ‍ॅपमध्ये ते जसेच्या तसे सापडतात. घरी बसून ही तक्रार क्षुल्लक वाटेल. काजव्यांच्या झाडाखाली, जिथे विजेरी लावायलाही मनाई असते, तिथे दर वेळी उजळलेल्या पडद्यावर मिनिटभर बोटे फिरवणे म्हणजे आजूबाजूच्या दहा जणांचा रोष ओढवून घेणे, आणि काजवेही त्या उजेडात दिसेनासे होतात.