टर्बो गाडीला कोल्ड एअर इनटेक म्हणजे २२ हजारांची शिट्टी. पटत नसेल तर भांडा.

घाटातला_पोलो (पुणे)
आधीच सांगतो, हा इनटेक, म्हणजे इंजिनला गार हवा मिळावी म्हणून लावतात तो पाइप आणि फिल्टर, मी स्वतः लावला, पाच महिने वापरला आणि काढून माळ्यावर टाकला, त्यामुळे "लावून बघ मग बोल" हे कुणी लिहू नका. गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), कागदावर १०५ पीएस म्हणजे घोडे, मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) कंपनीचाच. किट विकणारा म्हणाला १२-१५ घोडे वाढतील. वाढला फक्त आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की फुस्सऽऽ, सोडला की प्शूं, पहिले आठ दिवस मी खिडक्या खाली करून हिंडत होतो, खोटं कशाला बोलू.

मग डोकं थंड झाल्यावर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावला. खंबाटकी घाट, पुण्याहून साताऱ्याकडे चढताना, दोन रविवार, एकदा स्टॉक (कंपनीचा) फिल्टरचा डबा एकदा किट, बाहेर ३५ च्या आसपास. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जेवढा बूस्ट (टर्बोचा दाब) मागतोय तेवढा दोन्ही वेळेला मिळतोय, दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले तर बायकोला फरक ओळखता येईना (मलाही नाही). उलट मॅनिफोल्डमधलं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतलं) तापमान किटवर ३ अंश जास्त. का, तर नावाला कोल्ड एअर आणि फिल्टर बसलाय उघडा, बॉनेटखाली, इंजिनच्या कुशीत. आणि कंपनीचा डबा कुठून हवा घेतो तर पुढच्या ग्रिलमागून! म्हणजे कोल्ड एअर इनटेक आधीपासूनच होता राव, मी पैसे देऊन हॉट एअर इनटेक बसवला.

स्टेज_वन (सांगली)
भावा तू उघडा कोन फिल्टर लावलास आणि शिव्या सगळ्या इनटेकना देतोयस. नीट बंद डब्यातला, ग्रिलमधून पाइप घेतलेला इनटेक वेगळी गोष्ट आहे. माझ्या ऑक्टाविया १.८ टीएसआयला तसाच आहे आणि सोबत रीमॅप आहे, म्हणजे मॅप बदललाय. रीमॅप नसताना ईसीयू ठरलेल्या टॉर्कच्या वर जाऊच देत नाही, मग तू हिमालयातली हवा आणून दिलीस तरी तो वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) थोडा जास्त उघडणार आणि तेवढंच देणार. त्यात इनटेकची काय चूक?

घाटातला_पोलो
तेच तर म्हणतोय की. स्टॉक मॅपवर विकू नका मग. तुझ्यासारखे रीमॅपवाले किती आणि कॉलेजातून बाहेर पडून पहिली टर्बो गाडी घेऊन आठव्या दिवशी कोन फिल्टर लावणारे किती?

नागपूरची_उन्हं
आमच्याकडे मे मध्ये ४५ जातं, तिथे थंड हवेचा फायदा होणारच ना? माझ्या जुन्या साध्या पेट्रोल गाडीला फरक पडायचा.

घाटातला_पोलो
साध्या गाडीत पडतो, मान्य. १० अंश गार हवा म्हणजे साधारण ३ टक्के जास्त दाट हवा, सरळ सिलिंडरमध्ये. टर्बोत मधे दोन पाहुणे आहेत. समजा ३० अंशाची हवा आत घेतली, टर्बोने ती दुप्पट दाबली की ती सव्वाशे अंशाच्या आसपास जाते. मग इंटरकूलर तिला परत खाली आणतो. तू सुरुवातीला वाचवलेले ५-७ अंश या सव्वाशेच्या गडबडीत कुठे राहतात? पैसे खर्चायचेच तर इंटरकूलरवर खर्च. आणि माझ्या पोलोत तर तेही सोपं नाही, इंटरकूलर पाण्याचा आहे आणि मॅनिफोल्डच्या आतच बसवलाय.

स्टेज_वन
तापमानाचं बरोबर. पण तू दाबाचं बोलतच नाहीयेस आणि टर्बो गाडीत इनटेकचा खरा मुद्दा तोच आहे, "कोल्ड" हे नावच चुकीचं पडलंय. टर्बो गाळणीतून हवा ओढतो, गाळणी आणि पाइप जेवढे चिंचोळे तेवढा टर्बोच्या तोंडाशी दाब कमी. पुण्यात हवेचा दाब आधीच ०.९५ बार. त्यातले ०.०३ फिल्टर आणि पाइपाने खाल्ले तर उरले ०.९२. आता मॅनिफोल्डला १.९ पाहिजे, म्हणजे टर्बोला हवा २.०७ पट दाबायची. नुकसान ०.०१ वर आणलं तर २.०२ पट. कमी मेहनत, टर्बो कमी फिरतो, हवा कमी तापते, एक्झॉस्टला मागचा दाब कमी. आणि वरच्या आरपीएमला जिथे छोट्या टर्बोचा दम सुटतो तिथे हे दिसतं, घाटात तिसऱ्या गिअरला ३००० वर नाही दिसणार. तू चुकीच्या जागी मोजलंस.

घाटातला_पोलो
हे मात्र पटलं. मी ४५०० च्या वर गेलोच नव्हतो, बाजूला बायको होती. पण तुझ्याच हिशोबाने २ टक्के होतात, २२ हजारांत २ टक्के!

स्टेज_वन
स्टॉकवर २ टक्के. रीमॅप केल्यावर हवा जास्त लागते, आणि हवा जास्त ओढली की त्याच पाइपात अडथळा नुसता वाढत नाही, साधारण वर्गाने वाढतो. म्हणून आधी मॅप, मग इनटेक. लोक उलटं करतात.

गॅरेजवाले_काका (कोल्हापूर)
पोरांनो आकडे चालू द्या पण धुळीचं कोण बोलणार? टर्बोचं पातं दीड-दोन लाख आरपीएमला फिरतं, त्या वेगाला रेतीचा कण म्हणजे पॉलिश पेपर. मोठ्या भोकाचा फिल्टर हवा जास्त सोडतो म्हणजे आणखी काय काय सोडतो ते बघा. साधी परीक्षा सांगतो, चार-पाच हजार किमी झाले की फिल्टर काढा आणि पुढच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर त्या फिल्टरची जागा कचऱ्यात. कागदी फिल्टर आठशे रुपयांचा असतो पण फडकं पांढरं राहतं.

दुसरं म्हणजे ते तेल मारायचे कापडी फिल्टर. धुवायचे, वाळवायचे, तेल मोजून मारायचं असतं. आमच्याकडे लोक केसाला लावावं तसं चापून लावतात. ते तेल उडून जाऊन बसतं हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर. मागे एक डिझेल स्विफ्ट आली होती, पिकअप नाही, धूर काळा, मालक म्हणतो टर्बो बसला, दोन ठिकाणी टर्बो बदलायला सांगितलं होतं. सेन्सर क्लीनर मारला, गाडी चालू लागली. चारशे रुपये घेतले फक्त, आता वाटतं जास्त घ्यायला पाहिजे होते.

घाटातला_पोलो
काका १०० टक्के. ज्या गाडीत तो सेन्सर आहे तिथे पाइपाचा व्यास बदलला तरी घोळ होतो ना? सेन्सरला वाटतं हवा अमुक एवढी, प्रत्यक्षात वेगळीच.

गॅरेजवाले_काका
होतो तर. आणि होज क्लिप नीट आवळली नाही की सेन्सरच्या नंतर बिनमोजलेली हवा शिरते. मग चेक इंजिन लाइट. मग म्हणतात कंपनी बेकार.

दादरकर
मी फक्त पावसाचं सांगायला आलोय. मावसभावाने किट बसवला, त्यात फिल्टर खाली फेंडरमध्ये, फॉगलॅम्पच्या मागे. हवा एकदम गार, काही वाद नाही. जुलैत हिंदमाताला अर्ध्या चाकाएवढं पाणी होतं, बाजूच्या साध्या गाड्या हळूहळू निघून गेल्या, हा मधेच बंद. फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलं, पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घेतलं होतं तरी सर्व्हेयरने पहिला फोटो त्या फिल्टरचाच काढला आणि क्लेम गेला. ज्या शहराने २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिमी बघितलाय तिथे गाडीचं नाक गुडघ्याला लावून फिरायचं म्हणजे कमालच.

स्टेज_वन
दादरकर ती बसवण्याची चूक आहे, मी वर बंद डबा म्हटलंय तो हेडलाइटच्या उंचीला असतो.

दादरकर
असेल. पण बसवणारा तुला विचारून बसवत नाही ना, किटमध्ये पाइप जिकडे वळलाय तिकडे तो बसवतो.

म्युनिकचा_जोशी
इथे जर्मनीत असलं काही लावायचं तर पार्टसोबत मंजुरीचा कागद लागतो, नाहीतर तपासणी करून गाडीच्या कागदांवर नोंद. त्यामुळे लावणारा दहादा विचार करतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहेच, पण ते लोकांना सायलेन्सरसाठीच माहिती.

नागपूरची_उन्हं
मग मी काय करू ते सांगा, स्टॉक गाडी आहे, उन्हाळ्यात सिग्नलवरून निघताना मरगळते. आवाज नकोय मला.

घाटातला_पोलो
नवा कागदी फिल्टर टाक, डब्यात पाला-पाचोळा भरलाय का बघ, ग्रिलकडून येणारं तोंड जागेवर आहे का बघ (माझ्या आधीच्या गाडीत ते सर्व्हिसला सुटून बाजूला लोंबत होतं, दोन वर्षं!). इंटरकूलर समोर जाळीत असेल तर त्यातले किडे-माती पाण्याने हळू धू. पाचशे-हजारात काम होतं.

स्टेज_वन
हे बरोबर सांगितलंस, स्टॉकला एवढंच कर. आणि सिग्नलवर थोडी मरगळ राहणारच, उभ्या गाडीत बॉनेटखाली सगळंच तापतं, ५० मीटर पळाली की ठीक होते.
बाय द वे पोलो, एक सांग, किट एवढा भंगार होता तर माळ्यावर का ठेवलायस? विकला का नाहीस?

घाटातला_पोलो
...

स्टेज_वन
बोल बोल.

घाटातला_पोलो
शिट्टी आवडायची रे. बोगद्यात विशेष. येताना साताऱ्याकडून खंबाटकीच्या बोगद्यात मी मुद्दाम गिअर खाली घ्यायचो. पण धाग्याचं नाव बघ, मी शिट्टीच म्हटलंय, शिट्टी वाईट आहे असं कुठे म्हटलंय? घोडे म्हणून विकू नका एवढंच.

स्टेज_वन
१० ला देतोस का? पुतण्याच्या पोलोला बसेल.

घाटातला_पोलो
१५.

गॅरेजवाले_काका
आधी फडकं फिरवून फोटो टाक, मग भाव ठरवा.