कड्यावरचा वारा आणि ग्रुप राइड

समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने मोटरसायकलवरच्या ग्रुप राइडसाठी काही जण रोज ४०० किलोमीटरचा बेत मांडतात. सरळ हायवेला ठीक आहे, पण कडेकपारीच्या सागरी रस्त्याला मला तो फारच वाटतो. अंतराआधी वाऱ्याचा विचार करा. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी त्याचा जोर वाढतो, म्हणून उघड्या कड्यांवरचा टप्पा सकाळीच उरकावा. डोंगराचा आडोसा संपतो त्या वळणावर बाजूने एकदम थप्पड बसते आणि गाडी लेन सोडते. अशा वेळी हँडल आवळून धरू नका. हात सैल, गुडघे टाकीला चिकटलेले, वेग आधीच थोडा कमी.

नवख्याला लीडरच्या लगेच मागे ठेवा, शेवटी अनुभवी माणूस. सरळ रस्त्यावर तिरकी रांग (एक गाडी लेनच्या डाव्या बाजूला, तिच्या मागची उजव्या), आपल्याच रेषेतल्या पुढच्या गाडीपासून किमान २ सेकंद. वळणांत मात्र एकामागोमाग एक. पेट्रोलचे थांबे सगळ्यात लहान टाकीवरून ठरवा.

आणि कृपया, मुक्कामी पोचल्यावर गाडी गार झाली की गोड्या पाण्याने धुवाच! खारा थर चेनवर आणि बोल्टांच्या खाचांत बसून गंज धरतो. प्रेशर जेट नको, बादलीभर पाणी पुरे. चेन पुसून कोरडी केली की लगेच ल्यूब (चेनचं वंगण) मारा.