कॉलेज 1907चं, विद्यापीठ 1968चं, हे कसं? शिवाय प्लॉटच्या खताचा हिशोब

नवा_विद्यार्थी: बी.एस्सी. ॲग्रीसाठी पुण्याचं कॉलेज मिळतंय. कॉलेज 1907चं, पण पदवी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, आणि ते 1968चं. हे नेमकं काय आहे? पहिल्या वर्षी प्लॉट, म्हणजे छोट्या तुकड्यावर स्वतः पीक, करावा लागतो म्हणतात, त्याचंही सांगा.

जुनी_फाईल: कॉलेजं आधीची, विद्यापीठ नंतरचं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 1879 पासून शेतीचे वर्ग भरत. त्यातून 1907ला स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभं राहिलं. धुळे 1960चं, कोल्हापूर 1963चं. तेव्हा पदवी साध्या विद्यापीठाची असे. 1968ला सगळ्या राज्यासाठी एकच कृषी विद्यापीठ झालं, पण ते फार टिकलं नाही. 20 ऑक्टोबर 1969ला अकोला वेगळं झालं, 18 मे 1972ला परभणी आणि दापोली. पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश राहुरीकडे राहिला, म्हणून तुमच्या पदवीवर राहुरी. ‘राहुरीचा प्रवेश’ म्हणजे राहुरीला राहणं नव्हे. वसतिगृह, मेस, प्रक्षेत्र (कॉलेजचं शेत) सगळं पुण्यातच, त्यामुळे चौकशी कॉलेजात करा, विद्यापीठात नको.

काळी_माती: प्लॉट साधारण 5 × 4 मीटरचा धरा, म्हणजे हेक्टरचा पाचशेवा भाग. हेक्टरी किलोला 500ने भागलं की तुमचा आकडा. बागायती गव्हाला हेक्टरी 120:60:40 किलो नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), म्हणजे प्लॉटला नत्र 240 ग्रॅम, स्फुरद 120, पालाश 80. स्फुरद डीएपी या खतातून द्यायचं असेल तर 261 ग्रॅम डीएपी लागतं, आणि मुलं चुकतात ती इथेच: त्या डीएपीतून 47 ग्रॅम नत्रही येतं, ते वजा करायला विसरतात. उरलेल्या 193 ग्रॅमला युरिया 420 ग्रॅम. त्यातला 159 पेरताना, 261 साधारण तीन आठवड्यांनी. विसरलात तर युरिया 522 पडतो, गहू उंच वाढतो आणि ओंबी भरताना वाऱ्याने लोळतो. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश 133 ग्रॅम. बी हेक्टरी 100 किलोने 200 ग्रॅम. 20 सें.मी. अंतरावर 20 ओळी बसतात, ओळीला 10 ग्रॅम. आधीच पुड्या बांधा, नाहीतर शेवटच्या ओळींना बीच उरत नाही.

टाचणी: कीटकसंग्रहाचंही आत्ताच बघून ठेवा, सबमिशनच्या आठवड्यात फुलपाखरं सापडत नाहीत. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पुढच्या पंखातून, ढेकण्याला पाठीवरच्या त्रिकोणातून किंचित उजवीकडे, फुलपाखराला छातीच्या बरोबर मधून. पकडल्या दिवशीच टोचा. वाळलेला किडा टोचला की पाय गळतात. पेटीत कोपऱ्यात डांबरगोळी हवीच, आणि पावसाळ्यात ओले नमुने सरळ पेटीत ठेवले तर बुरशी धरते.

नवा_विद्यार्थी: आणि ‘रावे’ काय असतं?

जुनी_फाईल: सातव्या सत्रात गावात शेतकऱ्यांसोबत काम. गाव जवळचं मिळालं तरी मुक्कामाची सोय आधी ठरवा, पावसाळ्यात ऐनवेळी खोली मिळत नाही. त्याला अजून तीन वर्षं आहेत, सध्या खताच्या पुड्या बांधा.