वळणं उगाच नसतात
जुन्या रस्त्याने गेलं की वेळ वाया जातो, हे मला अजिबात पटत नाही. ते रस्ते बैलगाड्यांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या सोयीने पडले. म्हणून उभा चढ टाळत डोंगराच्या कडेकडेने जातात, नदी उथळ असेल तिथे ती ओलांडतात आणि गावांच्या मधून निघतात. हायवेवर गाव कधी मागे पडलं कळतही नाही! इथे अरुंद दगडी पूल लागतो, समोरच्याला आधी येऊ देत आपण थांबतो, काच खाली केली की पाणी ऐकू येतं. अमेरिकेतला रूट ६६ हा जुना रस्ता तर १९८५ मध्ये महामार्गांच्या अधिकृत यादीतून वगळला गेला, तरी लोक आजही मुद्दाम शोधून त्यावरून जातात. घाई नसेल तेव्हा मॅपमध्ये 'हायवे टाळा' निवडून बघाच.