ईसीजीत ‘बदल’ म्हणजे हृदयविकार का?

संहिता: वडील ६८ वर्षांचे, तक्रार नाही. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी ईसीजी (हृदयाच्या विद्युत संकेतांचा आलेख) काढला आणि मशीनने कागदावर ‘अॅबनॉर्मल’ छापलं. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल येईपर्यंत तीन आठवडे बाबांनी जिना चढणं सोडलं होतं. साध्या दवाखान्यात येणाऱ्यांचे ईसीजी काढले की वयानुसार बदल सापडणारच. पीआर अंतर (संकेत वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या जरा वर, नुसता उजव्या बंडलचा ब्लॉक (संकेत वाहणाऱ्या उजव्या फांदीतला अडथळा), एखादा जादा ठोका. बहुतेक निरुपद्रवी. हे सगळं एकत्र मोजून ‘इतक्या टक्के लोकांचे ईसीजी बिघडलेले’ म्हणणं घातक आहे. लक्षणं नसलेल्या, कमी जोखमीच्या प्रौढांचा चाळणीसाठी ईसीजी काढू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही २०१८ मध्ये सांगितलंय.

उत्तररात्र: अर्धंच सांगितलंत. जास्त जोखीम असलेल्यांबद्दल त्यांनी ‘पुरावा अपुरा’ म्हटलंय, ‘काढू नका’ नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या एका विकारात, अनेकांना धडधडही जाणवत नाही, आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. माझ्या आईचं निदान पक्षाघातानंतर झालं. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्यांवर झालेल्या ‘सेफ’ अभ्यासात शोध घेतलेल्या दवाखान्यांत वर्षाला १.६३ टक्के नवे रुग्ण सापडले, एरवीच्या दवाखान्यांत १.०४. ही माणसं सोडून द्यायची?

संहिता: आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. सोडायची नाहीतच. पण त्याच अभ्यासात आधी नाडी पाहून, ती अनियमित लागली तरच ईसीजी काढला, तेव्हाही सगळ्यांना ईसीजीला बोलावल्यावर सापडले जवळपास तितकेच सापडले. मग सरसकट कशाला?

उत्तररात्र: कारण नाडी निवांत धरून बघायला वेळ कोणाकडे असतो? आणि डाव्या बंडलचा नवा ब्लॉक नाडीत कळत नाही. तो दिसला तर इको करायलाच हवा.

बारा_लीड: मी ईसीजी काढायचं काम करते. दोन्ही हातांच्या तारा अदलाबदल झाल्या तरी पहिली लीड (आलेखातली पहिली रेघ) उलटी येते. छातीवरचे इलेक्ट्रोड वर लागले तर टी लहरी (प्रत्येक ठोक्याच्या शेवटचे उंचवटे) उलट्या दिसू शकतात. असे कागदही ‘अॅबनॉर्मल’च्याच गठ्ठ्यात जातात. दुसरीकडे, छातीत दुखणाऱ्याचा पहिला ईसीजी स्वच्छ येऊनही हार्ट अटॅक असू शकतो. संहिता, बाबांचा जुना ईसीजी होता का? नव्याशेजारी तो ठेवला असता तर तीन आठवडे कदाचित वाचले असते.

संहिता: होता, पाच वर्षांपूर्वीचा, कपाटात. कोणी मागितलाच नाही.

उत्तररात्र: म्हणजे पाच वर्षांपूर्वी कोणीतरी काढून ठेवला, म्हणूनच तुलनेला मिळाला असता ना? मी तेच म्हणतोय.