चर्चा: जुन्या सिनेमांच्या डिस्क बाजारात येण्याआधी कोणी बघतं का?

रीळप्रेमी
२०१० साली 'प्रेडेटर'ची (१९८७) 'अल्टिमेट हंटर एडिशन' ब्लू-रे आली. घाम आणि चिखलाने माखलेला श्वार्झनेगर त्यात मेणाचा दिसतो. कारण डीएनआर, म्हणजे चित्रातला 'कचरा' सॉफ्टवेअरने काढणं. फिल्मवरचे कण, म्हणजे ग्रेन, सॉफ्टवेअरला कचरा वाटतो आणि ते पुसून टाकतं. पण चित्रच त्या कणांचं बनलेलं असतं. त्यामुळे कातडीची छिद्रं, कापडाचा पोत, पानांच्या कडा, सगळंच जातं. 'पॅटन' (१९७०) तर ६५ मिमीच्या रुंद फिल्मवर चित्रित झालेला, त्यात ग्रेन असून असून असणार किती? तरी २००८च्या ब्लू-रेवर तोही घासून काढला.
कारखान्यात डिस्क छापायला देण्याआधी एखाद्या जाणकाराने सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला असता, तर हे सुटलंच नसतं.

निवृत्त_काका
असहमत. कोणी बघितलंच नाही असं तुम्ही गृहीत धरताय. माझ्या मते बघितलं आणि पसंतही केलं! तेव्हा लोक नवे मोठे सपाट टीव्ही घेत होते. एवढे पैसे मोजून पडद्यावर मुंग्या दिसल्या तर कोण खूश होईल? आमच्या घरी आजही ग्रेन दिसला की 'केबल नीट लाव' असं ऐकायला मिळतं. गिऱ्हाइकाला गुळगुळीत चित्र हवं होतं, कंपनीने ते दिलं. याला तपासणीतली चूक म्हणत नाहीत.

लॅबवाला
दोघेही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय. ठरवून केलेला बिघाड वेगळा, नजरेतून सुटलेली चूक वेगळी. 'सिटिझन केन' घ्या. २००१च्या डीव्हीडीसाठी चित्र साफ करताना बर्नस्टीन या पात्राच्या ऑफिसच्या खिडकीबाहेरचा पाऊसच साफ झाला. यंत्राला ओरखडा काय आणि पावसाची सर काय, सारखंच. २०११च्या ब्लू-रेवर तो पाऊस परत आला.
पुढे २०२१मध्ये क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने हाच सिनेमा ४केमध्ये, म्हणजे ब्लू-रेहून जास्त बारकाव्याने, काढला. ४के डिस्क ठीक, पण सोबतच्या ब्लू-रेवर साधारण अर्ध्या तासानंतर चित्राचा कॉन्ट्रास्ट बसला. रिस्टोरेशन उत्तम होतं, माती खाल्ली ती पुढच्या टप्प्यात. त्यांनी डिस्क बदलून दिल्या, हे मान्य करायला हवं. म्हणून म्हणतो, मास्टर, म्हणजे दुरुस्त केलेली मुख्य प्रत, पास झाला म्हणून डिस्क पास होत नाही. छापायच्या आधीची चेक डिस्क पुन्हा पूर्ण बघावी लागते, आणि कंटाळवाणं काम असल्यामुळे तिथेच घाई होते.

खिडकीतली_सीट
आणि दिग्दर्शकानेच बिघडवलं तर? 'फ्रेंच कनेक्शन'ची २००९ची ब्लू-रे खुद्द दिग्दर्शक फ्रीडकिनच्या देखरेखीखाली झाली. रंग फिके, वर भडक रंगाचा थर पसरलेला. छायाचित्रकार ओवेन रॉइझमनने जाहीर नाराजी व्यक्त केली. २०१२मध्ये नव्याने ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळणी, होऊन दुसरी डिस्क आली. तपासणाऱ्याने दिग्दर्शकाला 'साहेब, हे चुकलंय' म्हणायचं का?

रीळप्रेमी
म्हणायचंच. १९७१ला थिएटरात जे दिसलं तो पुरावा आहे, दिग्दर्शकाची ३८ वर्षांनंतरची लहर पुरावा नाही. हवी तर दुसरी आवृत्ती काढा, पहिलीची जागा घेऊ नका.

निवृत्त_काका
अहो, सिनेमा त्यांचा आणि लहर म्हणे! बाकी ही सगळी पोटभरल्यांची भांडणं. पुण्यात २००३च्या आगीत प्रभातची नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची, रिळं जळाली. तिथे ग्रेन ठेवायचा की काढायचा हा प्रश्नच उरला नाही. 'मंथन'ची (१९७६) निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात होती म्हणून २०२४मध्ये तो कान चित्रपट महोत्सवात दाखवता आला. तिलाही बुरशी लागलेली, रंग उडालेले, आणि ध्वनी तर प्रिंटवरून घ्यावा लागला. आधी वाचवा, मग मेणाचे चेहरे मोजा.

लॅबवाला
काका, उलट आहे. मूळ प्रत एकच उरली असेल तर चूक परवडतच नाही. निगेटिव्हचा कच्चा स्कॅन हात न लावता जपून ठेवला तर पुढे कोणीतरी पुन्हा नीट करू शकतो. 'पॅटन'चं तेच झालं, २०१२ला नवी, ग्रेन शाबूत असलेली डिस्क आली. आपल्याकडच्या जुन्या हिंदी-मराठी डीव्हीडींवर कोपऱ्यात कंपनीचा लोगो, मध्येच गाणं गायब. आता त्याच चौकोनी सिनेमांना रुंद टीव्हीसाठी वरून-खालून कापतात, नायकाचं कपाळ बाहेर. याला कुठली निगेटिव्ह वाचवायची होती?

निवृत्त_काका
कपाळ कापणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. लोगोवाल्यांचीही नाही. ग्रेनबद्दल मात्र मत बदललेलं नाही.

नवखा_९९
वाचनमात्र होतो. 'पॅटन' जुन्या बाजारात स्वस्त दिसतोय, घेऊ का?

रीळप्रेमी
२००८चा असेल तर नको. वरच्या कव्हरवर भरवसा ठेवू नका, मागचं साल वाचा.

निवृत्त_काका
२००८चा असेल तर मला कळवा, मी घेतो.