लिलावातील समईचा कुरिअर खर्च खरेदीदाराला मान्य नाही: काय करावे?

प्रश्न | रामबाग, इंदूर

नमस्कार मंडळी,

सासरचा जुना वाडा पाडून तेथे इमारत उभी राहणार असल्यामुळे घरातील पितळी भांडी, समया आणि जुन्या नाण्यांचे काही संच मी सध्या ऑनलाइन लिलावात विकत आहे. आतापर्यंतचे व्यवहार सुरळीत झाले. मात्र एका मोठ्या समईवरून वाद निर्माण झाला आहे आणि त्यात माझी बाजू कितपत योग्य आहे हे मला जाणून घ्यायचे आहे.

समई ४,२०० रुपयांना गेली. वस्तूच्या वर्णनात मी "कुरिअरचा खर्च वेगळा, प्रत्यक्ष येईल त्याप्रमाणे" असे स्पष्ट लिहिले होते. सर्वोच्च बोली कोचीच्या एका गृहस्थांची होती व बोलीची रक्कम त्यांनी त्याच दिवशी पाठवली. त्यानंतर मी समई बबल रॅप आणि थर्माकोल घालून खोक्यात बांधली आणि खोके कुरिअरच्या दुकानात नेले, तेव्हा त्यांनी १,१८० रुपये सांगितले. हा आकडा कळवताच खरेदीदारांचा सूर बदलला. समईचे वजन वर्णनात ५ किलो २०० ग्रॅम दिलेले असताना, त्याच कुरिअरच्या संकेतस्थळावर ५२० रुपयेच दिसतात, तेव्हा वरचे ६६० रुपये मी खिशात घालत आहे, असा त्यांचा आरोप आहे. ५२० मध्ये समई पाठवा, नाहीतर बोलीची रक्कम परत करा आणि वाईट अभिप्रायाची तयारी ठेवा, असे त्यांनी लिहिले आहे. मला या पाठवणीत एक रुपयाही मिळणार नाही, तरीही फरक मी सोसावा का? की सौदा रद्द करावा?

दुसरा प्रश्न लहान आहे. एकाच खरेदीदाराने नाण्यांचे दोन संच घेतले असून दोन्हींचा टपालखर्च एकदाच घ्यावा, अशी त्यांची विनंती आहे. यात प्रथा काय आहे?

उत्तर १ | रावपुरा, बडोदे

ताई, आपले खरेदीदार खोटे बोलत नाहीत आणि आपणही नाही. दोघे वेगवेगळ्या वजनांबद्दल बोलत आहात. कुरिअर कंपन्या काट्यावरचे वजन आणि घनफळावरून काढलेले वजन अशी दोन वजने पाहतात आणि त्यांतील जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५,००० ने भागायचे. काही कंपन्या रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी याहून लहान भाजक लावतात आणि मग वजन आणखी वाढते. आपले खोके किती मोठे आहे हे आपण लिहिलेले नाही, पण अखंड समईला साधारण ६० बाय ३० बाय ३० चे खोके लागले असेल असे धरले, तर गुणाकार ५४,००० येतो आणि वजन १०.८, म्हणजे आकारणीसाठी ११ किलो. खरेदीदारांनी संकेतस्थळावर फक्त ५ किलो भरले असणार. शिवाय अशा ठिकाणी दिसणाऱ्या दरात १८ टक्के जीएसटी धरलेला असतोच असे नाही.

म्हणून प्रथम वाद न घालता पुरावा पाठवावा. खोक्याला टेप लावून तिन्ही बाजूंची छायाचित्रे, काट्यावरील वजनाचे छायाचित्र आणि दुकानदाराने लिहून दिलेला दर, एवढे एकाच संदेशात द्यावे आणि हिशेब त्यांना स्वतः करू द्यावा. माझ्या अनुभवाप्रमाणे "मी नफा घेत नाही" या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही, कारण नफा घेणाराही तेच वाक्य लिहितो.

मात्र पुरावा पाठवण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. समई अखंड पाठवण्याची गरज आहे का? बहुतेक जुन्या समयांची बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा मोर हे भाग आट्यांनी जोडलेले असतात. ते सोडवून दांडा बैठकीशेजारी आडवा ठेवता आला, तर खोके ३५ बाय ३२ बाय २२ इतके लहान होऊ शकते. त्याचे घनफळी वजन ५ किलोच्या आत येते आणि मग काट्यावरचे वजनच धरले जाते. पितळ वजनदार असले तरी जागा कमी व्यापते, आणि कुरिअरचे पैसे जातात ते खोक्यातल्या हवेचे. सुटे भाग प्रवासात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून प्रत्येक भाग वेगळा गुंडाळावा. वाटीची कड आणि मोराची चोच यांना सर्वांत आधी धक्का बसतो, तेव्हा तेथे जाड पुठ्ठ्याची पट्टी लावावी.

उत्तर २ | लष्कर, ग्वाल्हेर

मी वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. संकेतस्थळाच्या स्वतःच्या अटी मात्र आपण वेगळ्या वाचाव्यात, कारण त्या मान्य करूनच दोन्ही पक्ष व्यवहारात उतरलेले असतात.

१९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे लिलावात हातोडा पडेपर्यंत, म्हणजे विक्री झाल्याचे जाहीर होईपर्यंत, बोली मागे घेता येते. हातोडा पडला की विक्री पूर्ण होते. त्यामुळे आता खर्च आवडला नाही एवढ्याच कारणाने सौदा मोडण्याचा हक्क खरेदीदारांना आपोआप मिळत नाही. त्याच कायद्याचे कलम ३६ आपल्या वादाला अधिक लागू पडते. त्यात मुळातले तत्त्व असे आहे की वेगळा करार नसेल तर, विक्रीच्या वेळी वस्तू जेथे असेल तेथेच ती खरेदीदाराच्या हवाली करायची असते. म्हणजे कोचीपर्यंतची वाहतूक ही त्यांची जबाबदारी. पण त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे, वस्तू हवाली करण्याजोग्या स्थितीत आणण्याचा खर्च, वेगळे ठरले नसेल तर, विक्रेत्याने सोसायचा असतो. बबल रॅप, खोके आणि थर्माकोल यांचे पैसे आपण १,१८० मध्ये मिळवले असतील तर ते वजा करावेत, कारण वर्णनात आपण फक्त कुरिअरच्या खर्चाचा उल्लेख केला आहे, बांधणीचा नाही.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन बाजारातील विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, डिलिव्हरी, टपाल व हाताळणीच्या खर्चासह, आधी दाखवणे आवश्यक आहे. घरातील चार वस्तू खाजगी रीतीने विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. परंतु विक्री नियमित व पद्धतशीर होऊ लागली की ही सवलत उरत नाही. वाड्यातील सामान मोठे असेल आणि दर आठवड्याला लिलाव होणार असतील, तर आपण कोणत्या बाजूला आहात याचा विचार आताच करावा. किंमत आधी कमी दाखवून खर्च शेवटी एकेक करून जोडण्याच्या प्रकाराला २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत ड्रिप प्रायसिंग म्हटले असून तो निषिद्ध प्रकारांत मोडतो. आपला तसा हेतू नाही हे उघड आहे, पण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार झाली तर प्रश्न हेतूचा नव्हे, आकडा केव्हा सांगितला याचा विचारला जाईल.

आता व्यवहार्य उपाय. खरेदीदारांना विनयाने असे लिहावे: "समई बांधून इंदुरात तयार आहे. खोक्याची मापे आणि वजन सोबत दिले आहे. आपणांस ५२० रुपयांत नेणारे कुरिअर मिळत असेल, तर आपण ते नोंदवून माझ्या पत्त्यावरून खोके उचलण्याची व्यवस्था करावी. मी पावती घेऊन खोके सोपवीन." यात आपण काहीही नाकारत नाही आणि त्यांच्या आकड्याची परीक्षा त्यांच्याच खर्चाने होते. त्यांनी मापे चुकीची भरली, तर कंपनी आपल्या गोदामात खोके पुन्हा मोजून फरक नोंदवणाऱ्याकडून वसूल करते. खोके सोपवतानाची छायाचित्रे मात्र जपून ठेवावीत.

उत्तर ३ | सुदामा नगर, इंदूर

मी विकत नाही, फक्त बोली लावतो, आणि वरील दोन्ही उत्तरांत माझ्यासारख्यांची बाजू राहून गेली आहे असे वाटते.

बोली लावताना मी वस्तूची किंमत एकटी धरत नाही. समई घरी येईपर्यंत माझे ५,००० रुपये गेले तरी चालतील असे ठरवतो आणि त्यातून वाहतूक वजा करून बोलीची कमाल मर्यादा काढतो. कोचीच्या त्या गृहस्थांनीही असेच काही केले असेल. त्यांना १,१८० चा आकडा आधी ठाऊक असता तर ते कदाचित ३,६०० वर थांबले असते, आणि समई इंदूर किंवा देवासच्या एखाद्या माणसाला मिळाली असती, ज्याला वाहतूक जवळजवळ लागलीच नसती. तेव्हा "प्रत्यक्ष येईल त्याप्रमाणे" हे शब्द प्रामाणिक असले तरी त्यांवरून कोणालाही बोली ठरवता येत नाही. दुकानात भाव ऐकून माणूस पाठ फिरवू शकतो. लिलाव संपल्यावर ती सोय राहत नाही, आणि म्हणूनच येथे लोक इतके चिडतात.

संशयालाही इतिहास आहे. वस्तू नाममात्र किमतीला लावायची आणि कमाई टपालखर्चात करायची, ही ऑनलाइन लिलावातील जुनी युक्ती आहे. संकेतस्थळाचे कमिशन वस्तूच्या किमतीवरच आकारले जात असे, तेव्हा तिचा दुहेरी फायदा होई. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने २०११ मध्ये अमेरिकेत पाठवणीच्या रकमेवरही कमिशन घ्यायला सुरुवात केली, त्यामागे हेच कारण होते. ताईंनी असे काही केलेले नाही. पण समोरच्या माणसाने हे प्रकार पाहिलेले असतात.

"फरक कधीही सोसू नये" असे अनेक विक्रेते म्हणतात. मला ते पटत नाही. ४,२०० च्या व्यवहारात शे-दोनशे रुपये सोडल्याने प्रकरण मिटत असेल तर ते सोडावेत. मात्र वाईट अभिप्रायाच्या धमकीला उत्तर म्हणून सोडू नयेत. आधी हिशेब द्यावा, धमकीचा संदेश संकेतस्थळाच्या मदतकक्षाकडे जसाच्या तसा पाठवावा, आणि सवलत द्यायची ती स्वतंत्रपणे, आपल्या इच्छेने द्यावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर | रामबाग, इंदूर

सर्वांचे आभार. समई सोडवून पाहिली. वाटी आणि मोर सहज निघाले. दांड्याचे दोन भाग मात्र आट्यांत घट्ट बसले आहेत आणि जोर लावून पीळ खराब करण्याची माझी तयारी नाही. नवे खोके ४५ बाय ३० बाय २४ चे झाले, म्हणजे घनफळी वजन ६.४८ किलो, आणि काट्यावर ६ किलो १०० ग्रॅम भरले. कुरिअरने आता करासह ७३० रुपये सांगितले आहेत. बांधणीचे पैसे मी मुळातच धरले नव्हते.

वकीलसाहेबांनी सुचवलेला मजकूर मापांसह पाठवला. त्यावर खरेदीदारांनी स्वतः दर काढून पाहिला असावा, कारण रात्री त्यांचा संदेश आला की कुरिअर मीच नोंदवावे आणि ६५० घ्यावेत. ८० रुपयांसाठी मी ताणणार नाही. परंतु सुदामा नगरच्या बंधूंनी लिहिलेले वाचल्यापासून पुढच्या लिलावांचा विचार पडला आहे. कोणत्या गावचा माणूस जिंकेल हे आधी माहीत नसताना निश्चित आकडा कसा लिहावा?

उत्तर ४ | रावपुरा, बडोदे

लिलाव लावण्यापूर्वीच वस्तू बांधून मोजावी. हा क्रम बहुतेक विक्रेते उलटा ठेवतात. खोके तयार असले की चार ठिकाणांचे दर विचारता येतात: आपले शहर, मध्य प्रदेश व गुजरात, दिल्ली व मुंबई, आणि सर्वांत दूरचे म्हणून केरळ किंवा ईशान्य भारत. मग वर्णनात असे लिहावे: "बांधलेल्या खोक्याचे माप ४५ × ३० × २४ सें.मी., वजन ६.१ किलो. इंदूर शहरात स्वतः येऊन नेल्यास खर्च नाही. इतरत्र कुरिअरचा खर्च अंतराप्रमाणे, करासह, कमाल ७५० रुपये. त्याहून अधिक आल्यास विक्रेता सोसेल. बांधणीचा वेगळा आकार नाही. दुर्गम पिनकोड असल्यास बोलीपूर्वी विचारावे." कमाल मर्यादा दिली की बोली लावणारा तीच धरून हिशेब करतो, आणि प्रत्यक्षात कमी आल्यावर आपण उरलेले पैसे परत केले तर तो आपणहून चांगला अभिप्राय लिहितो. वाहतूक वस्तूच्या किमतीतच धरून "पाठवणी मोफत" लिहिण्याचा मार्गही आहे, पण जड वस्तूंना तो मानवत नाही; जवळच्या माणसाला दूरच्या माणसाचा भुर्दंड पडतो.

समई घरातील जाणकारांच्या मते शंभर वर्षांहून जुनी असेल, तर परदेशातील बोलीदारांना दर सांगूच नये. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार अशा वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

नाण्यांबद्दल: एकत्र टपालखर्च घेणेच रास्त आहे. स्पीड पोस्टाचा दर वजनाच्या टप्प्यांनी चढतो आणि पहिला टप्पा ५० ग्रॅमपर्यंतचा असतो. ब्रिटिश अमलातील तांब्याचा पाव आणा साधारण साडेसहा ग्रॅमचा असल्यामुळे पाच नाण्यांचा संच पुठ्ठा आणि पाकिटासह बहुधा पहिला टप्पा ओलांडतोच, आणि दुसरा संच त्याच पाकिटात घातला तर खर्च दुप्पट होत नाही. दोन्ही संच एकत्र तोलून जो टप्पा येईल तेवढेच घ्यावे आणि आधी घेतलेले जास्तीचे पैसे परत करावेत. आपल्या वर्णनात अजून "रजिस्टर्ड पोस्टाने पाठवू" असे असेल तर ते बदलावे, कारण ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. विमा हवा का, हे मात्र खरेदीदारांना लेखी विचारून घ्यावे आणि त्याचा आकार वेगळ्या ओळीत दाखवावा. विम्याशिवाय पाकीट गहाळ झाले तर टपाल खात्याकडून मिळणारी भरपाई नाण्यांच्या किमतीशी जुळणारी नसते.